हात लागला, हे आधी कोणी सांगायचे?

कर्लिंगच्या नियमपुस्तकात, प्रत्यक्ष नियम सुरू होण्याआधी, खेळभावनेविषयीचा एक छोटासा मजकूर छापलेला असतो. कर्लिंगपटू जिंकण्यासाठी खेळतो, पण प्रतिस्पर्ध्याला मान खाली घालायला लावण्यासाठी खेळत नाही. अन्यायाने जिंकण्यापेक्षा तो हार पत्करतो. तो जाणूनबुजून नियम मोडत नाही आणि नकळत मोडला गेल्याचे लक्षात आले, तर ते सर्वांत आधी तोच सांगतो, असा त्याचा आशय आहे. बहुतेक खेळांत अशा ओळी समारंभात वाचण्यापुरत्या असतात. कर्लिंगमध्ये मात्र त्यांतल्या शेवटच्या ओळीवर खेळ अक्षरशः चालतो, कारण सरकत्या दगडाला आपल्या ब्रशचा किंवा बुटाचा स्पर्श झाला, तर तो जाहीर करण्याची पहिली जबाबदारी स्पर्श करणाऱ्या संघाचीच मानली जाते. फेब्रुवारी २०२६ मध्ये इटलीतील कोर्तिना दाम्पेत्सो येथे हिवाळी ऑलिंपिकच्या बर्फावर जे घडले, ते म्हणूनच मला अस्वस्थ करून गेले. एरवी ज्या खेळाकडे मी मन निवावे म्हणून पाहते, त्या खेळातील दोन नामांकित खेळाडू एकमेकांवर ओरडत होते आणि वाद नेमका याच ओळीचा होता.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. सुमारे ४५ मीटर लांबीच्या बर्फाच्या पट्टीवर एका टोकाकडून जवळजवळ वीस किलो वजनाचा ग्रॅनाइटचा दगड सरकवायचा आणि दुसऱ्या टोकाला रंगवलेल्या वर्तुळांच्या, म्हणजे ‘हाऊस’च्या, मध्याजवळ तो नेऊन थांबवायचा. ऑलिंपिकमधील दगडांचा ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्या बेटावरून येतो. खेळही मूळचा तिकडचाच. दगड सोडणारा खेळाडू गुडघा वाकवून बर्फावरून घसरत पुढे जातो आणि सुरुवातीच्या जागेपासून साधारण दहा मीटरवर असलेल्या ‘हॉग लाइन’ या रेषेच्या आत त्याने दगडाची मूठ सोडलेली असली पाहिजे. पुढे त्याचे दोन सहकारी ब्रशने बर्फ घासत दगडासोबत धावतात, म्हणजे दगड थोडा लांब जातो आणि कमी वळतो. ज्यांचे बालपण माझ्यासारखे गिरगावातल्या चाळीत गेले आहे, त्यांना हा खेळ समजायला वेळ लागत नाही, कारण तो कॅरमचाच मोठा आणि थंड प्रदेशातला भाऊ आहे: तोच गुळगुळीत पृष्ठभाग, तीच कोनांची गणिते, समोरच्याची सोंगटी हटवायची की आपली झाकायची हा तोच पेच. आणि शर्टाची बाही सोंगटीला लागली तर ‘हात लागला’ असे म्हणून स्वतःच पुढचा डाव सोडून देण्याची अपेक्षाही तीच. गॅलरीतल्या कॅरमला पंच कधीच नसतो. शेजारचे एक काका बाही लागली की कोणी काही म्हणण्याच्या आत स्ट्रायकर समोरच्याकडे सरकवून मोकळे होत, आणि आम्हा मुलांना त्यांच्याशी खेळणे इतके आवडे, याचे ते एक मोठे कारण होते.

कोर्तिनामध्ये १३ फेब्रुवारीला पुरुषांच्या साखळी सामन्यात कॅनडा आणि स्वीडन समोरासमोर होते. स्वीडनच्या ओस्कार एरिक्सन यांनी कॅनडाच्या मार्क केनेडी यांच्यावर आरोप केला, की मूठ सोडल्यानंतर ते बोटाने दगडाला पुन्हा स्पर्श करत आहेत. केनेडी यांनी तो साफ नाकारला, आणि नाकारताना वापरलेले शब्द असे होते की ते जगभर ऐकवले गेले. दोघेही नवखे नाहीत; केनेडी यांच्याकडे २०१० चे ऑलिंपिक सुवर्ण आहे आणि एरिक्सन यांच्याकडे २०२२ चे. स्वीडनच्या दूरचित्रवाणीचा कॅमेरा हॉग लाइनवर रोखलेला होता आणि त्याने टिपलेल्या एका चित्रफितीत केनेडी यांचे बोट सरकत्या दगडावर टेकल्यासारखे स्पष्ट दिसत होते. जागतिक संघटनेने नंतर नियम उलगडून सांगितला तो असा: हॉग लाइनच्या आत मुठीला पुन्हा हात लावला तर चालते, पण पुढे सरकणाऱ्या दगडाच्या ग्रॅनाइटला हात लावता येत नाही, मात्र झालेली खेळी चित्रफीत पाहून पुन्हा तपासण्याची सोय या खेळात नाही. म्हणजे जगाने जे पाहिले, ते सामन्याच्या हिशेबात कुठेही धरले गेले नाही. पुढे कॅनडाच्या याच संघाने सुवर्णपदक जिंकले.

केनेडी यांना त्या क्षणी आपले बोट लागल्याचे कळले होते की नाही, हे मला ठरवता येणार नाही आणि ठरवूही नये. हजारो वेळा घोटलेल्या हालचालीत बोट किंचित पुढे राहिले, तर ते करणाऱ्याला जाणवत नसेल, हे अगदी शक्य आहे. त्या स्पर्शाने दगडाची वाट बदलली का, हा प्रश्नही गैरलागू आहे. नियमाला स्पर्श झाला एवढेच पुरते. मला खटकले ते वेगळेच. प्रतिस्पर्ध्याने शंका विचारताच ‘मला तसे वाटत नाही, पण पंचांनी येऊन माझे पुढचे दगड जवळून पाहावेत’ असे एक वाक्य बोलता आले असते. ज्या खेळाने आपल्या खेळाडूला स्वतःचा पंच नेमले आहे, त्या खेळात एवढे वाक्य ही मेहेरबानी ठरत नाही. पंचाकडे तक्रार आली तर ती ऐकून घेणे हे पंचाचे कामच आहे. दुसरीकडे, तीच शंका सगळ्या प्रेक्षागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात मांडणाऱ्या एरिक्सन यांनीही समोरच्याला शांतपणे उत्तर द्यायला फारशी जागा ठेवली नाही, हेही खरे.

अशा वादांत लोक तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. नकळत नियम मोडला जाणे, नियमाने दिलेला हक्क पुरेपूर वापरणे आणि नियम मोडून तो लपवणे. पहिल्या गोष्टीला दोष देता येत नाही. तिसरी निव्वळ फसवणूक आहे. तिच्याविषयी चर्चा करण्यासारखे काही नाही, शिक्षा करावी. खरी गुंतागुंत दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि तिथे मी अनेक वर्षे माझेच मत उलटसुलट तपासत आले आहे.

कर्लिंगमधले त्याचे ठळक उदाहरण २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमधले आहे. महिलांच्या सामन्यात डेन्मार्कच्या खेळाडूचा ब्रश आपल्याच सरकत्या दगडाला निसटता लागला. असा स्पर्श पलीकडच्या, म्हणजे हाऊसच्या बाजूच्या, हॉग लाइनच्या पुढे झाला, तर नियम प्रतिस्पर्धी संघाला तीन पर्याय देतो. तो दगड काढून टाकून त्याने हलवलेले बाकीचे दगड मूळ जागी ठेवावेत. किंवा सगळे आहे तसे राहू द्यावे. किंवा स्पर्श झालाच नसता तर दगड जिथे थांबले असते असे प्रामाणिकपणे वाटते, तिथे ते मांडावेत. या तिसऱ्या पर्यायाचे मला फार अप्रूप वाटते. ज्या संघाचा फायदा होणार आहे, त्याच संघाला सांगायचे, की तुम्हीच न्याय्य काय ते ठरवा. आणि तसे सांगताना तो संघ न्यायानेच वागेल असे गृहीत धरायचे! कॅनडाच्या कर्णधार रेचल होमन यांनी पहिला पर्याय निवडला आणि दगड तत्काळ उचलून बाजूला केला. त्या डावात कॅनडाला चार गुण मिळाले, तरीही जादा डावात सामना डेन्मार्कने ९-८ असा जिंकला. डेन्मार्कच्या कर्णधार माडलीन ड्यूपाँ यांनी आपण तसे केले नसते, असे नंतर सांगितले. आणि होमन यांच्यावर सर्वांत अधिक टीका कॅनडातूनच झाली.

मला होमन यांचा निर्णय आवडला नाही. परंतु त्यांना अप्रामाणिक म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. त्यांनी काही लपवले नाही, पंचाची नजर चुकवली नाही, नियमात लिहिलेला एक पर्याय सगळ्यांदेखत वापरला. औदार्य त्यांना दाखवता आले असते, पण औदार्य हे ज्याच्या हातात आहे त्याने द्यायचे असते. समोरच्याने ते हक्क म्हणून मागितले, की त्याचा अर्थच उरत नाही. आपल्या ब्रशचा स्पर्श झाला आणि वर प्रतिस्पर्ध्याने तो सोडून द्यावा अशीही अपेक्षा ठेवली, तर आपण त्याच्यावर दोनदा भार टाकतो. ड्यूपाँ यांचे मोठेपण मला यात दिसते, की त्यांनी स्वतः काय केले असते एवढेच सांगितले.

हा भेद आपल्याकडच्या लोकांना क्रिकेटमधून चांगला ओळखीचा आहे. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर फेब्रुवारी १९८० मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध एकमेव कसोटी झाली. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ अशी झाली असताना यष्टिरक्षक बॉब टेलर फलंदाजीला होते, आणि त्यांच्याविरुद्धचे यष्टिमागे झेल घेतल्याचे अपील पंचांनी उचलून धरले. टेलर यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहून भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी बॅटचा स्पर्श झाला नसल्याची खात्री करून घेतली आणि त्यांना परत बोलावले. त्यानंतर टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली. बोथम यांनी शतक ठोकले, दोन्ही डावांत मिळून तेरा बळी घेतले आणि भारत दहा गड्यांनी हरला. टेलर यांच्या वाट्याला ४३ धावा आल्या. विश्वनाथ यांना हे कोणी मागितले नव्हते. पंचांचा निर्णय झाला होता, फलंदाज निघालाही होता. सामना गेला, तरी त्या निर्णयाबद्दल त्यांनी कधी खंत केल्याचे ऐकिवात नाही. मी तो सामना पाहिलेला नाही, पण घरातल्या मोठ्यांकडून इतक्यांदा ऐकला आहे, की पराभवाचे वर्णन अभिमानाच्या सुरात करता येते हे मला त्यातूनच कळले.

याउलट विनू मंकड यांच्या वाट्याला आले ते नेमके होमन यांच्यासारखे. १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बिल ब्राउन हे चेंडू टाकला जाण्याआधीच नॉन-स्ट्रायकरच्या बाजूची क्रीज सोडून पुढे सरकत होते. एका दौरा-सामन्यात मंकड यांनी त्यांना आधी ताकीद दिली आणि मग धावबाद केले. पुढे डिसेंबरमध्ये सिडनीच्या कसोटीत तसेच पुन्हा धावबाद केले. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी नंतर मंकड यांचीच बाजू घेतली, कारण फलंदाजाला क्रीजमध्ये ठेवणारा नियम असताना तो नियम वापरणाऱ्याला अखिलाडू का म्हणायचे, हे त्यांना कळत नव्हते. तरीही मंकड यांचे नाव जगभर एका बदनाम क्रियापदासारखे वापरले गेले, आणि हा त्यांच्यावरचा अन्याय आहे, असे सुनील गावसकर यांना पुनःपुन्हा सांगावे लागले. पुढे सरकून आगाऊ फायदा घेत होता तो फलंदाज. कलंक लागला तो गोलंदाजाला. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्मा यांनी चार्ली डीन यांना असेच धावबाद केले, तेव्हा पुन्हा तोच गदारोळ झाला. लगेच पुढच्या महिन्यात हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात घेण्याचा नवा नियम लागू झाला. तो बदल त्या सामन्याच्या आधीच ठरलेला होता. टीका करणाऱ्यांनी त्याची दखल घेण्याचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

विश्वनाथ आणि मंकड हे दोघेही मला तितकेच सरळ वाटतात. एकाने आपला हक्क सोडला, दुसऱ्याने बजावला. दोघांनीही ते भर मैदानात, सर्वांच्या देखत केले. खेळभावनेचे नाव घेऊन फक्त पहिल्यालाच मान द्यायचा आणि दुसऱ्याला खलनायक करायचे, तर ती भावना म्हणजे हरणाऱ्याच्या हातातले एक सोयीचे हत्यार होते. रडीचा डाव खेळणारा कोण, हे ठरवताना एवढेच पाहावे, की त्याने जे केले ते उघड केले की लपवून.

लपवण्याचे टोकाचे उदाहरण मॉन्ट्रियलच्या १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये सापडते. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेत, सोव्हिएत संघाचे बोरिस ओनिश्चेंको तलवारबाजी करत होते. तिथे प्रतिस्पर्ध्याला टोक लागले की विजेचा दिवा लागतो आणि गुण मिळतो. ब्रिटनच्या जिम फॉक्स यांना संशय आला, की आपल्याला टोक न लागताही दिवा लागतो आहे. शस्त्र तपासले तेव्हा मुठीत एक बटण बसवलेले निघाले, आणि ओनिश्चेंको स्पर्धेतून बाद झाले. माणसाच्या नजरेवर भरवसा नको म्हणून यंत्र आणले, तर फसवू पाहणाऱ्याने पंचाऐवजी यंत्राला फसवण्याची तयारी केली. हॉग लाइनच्या बाबतीत कर्लिंगनेही यंत्राचाच आधार घेतला आहे. पूर्वी रेषेवर पंच बसत आणि त्यांच्या निर्णयांवरून भांडणे होत. मग दगडाच्या मुठीत असा संवेदक बसवला गेला, की रेषा ओलांडण्याआधी हात सुटला असेल तर हिरवा दिवा लागतो आणि सुटला नसेल तर लाल. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये अशा मुठी वापरल्या गेल्या. त्याचा फायदा निःसंशय झाला. प्रामाणिक खेळाडूवरचा खोटा आरोप हिरवा दिवा एका क्षणात पुसून टाकतो. पण हा दिवा मुठीपुरताच बोलतो, ग्रॅनाइटवर टेकलेले बोट त्याला कळत नाही. मला भीती वाटते ती अशी, की दिव्याची सवय झाल्यावर खेळाडूलाही हळूहळू दिव्याला कळते तेवढेच उल्लंघन वाटू लागते, आणि ‘हात लागला’ असे आपणहून म्हणण्याची जबाबदारी आपण यंत्राकडे सोपवून टाकली आहे, अशी त्याची समजूत होते.

कोर्तिनामध्ये वाद पेटल्यावर जे झाले त्यातून हेच दिसले. पंचांना हॉग लाइनवर अधिक लक्ष ठेवायला सांगितले गेले आणि दुसऱ्याच दिवशी स्वित्झर्लंडविरुद्धच्या महिलांच्या सामन्यात रेचल होमन यांचाच एक दगड, त्यांनी मूठ सोडल्यावर ग्रॅनाइटला स्पर्श केला, असे म्हणून बाद ठरवला गेला. होमन यांना तो निर्णय अजिबात पटला नाही. एका संघाच्या खेळाडूवरचा संशय त्याच देशाच्या दुसऱ्या संघावर पडणे योगायोगही असेल. पण सर्वांना आपापल्या बर्फावर कोणीतरी चोर शोधत फिरत आहे असे वाटू लागले, एवढे खरे. मग संघांशी बोलणे झाले आणि पंचांनी आपणहून रेषेवर उभे न राहता संघांनी विनंती केली तरच यावे, अशी व्यवस्था करण्यात आली. मला ही माघार योग्य वाटली. चोवीस तासांत खेळाचे वळण पोलिसी पहाऱ्याकडे नेण्यापेक्षा थोडी अनिश्चितता परवडली.

हा खेळ याहून कठीण प्रसंगातून एकदा स्वतःच बाहेर पडला आहे, म्हणून मी इतकी निराश नाही. २०१५ च्या हंगामात एका नव्या प्रकारच्या कापडाचे ब्रश आले. ते कापड बर्फावर असे ओरखडे उमटवी, की घासणाऱ्याला दगड जणू हवा तिकडे वळवता येई. हजारो तास सराव करून दगड अचूक सोडण्याचे जे कौशल्य कमावलेले असते, त्याला अर्थ उरेना, कारण चुकलेला दगडही ब्रशने सावरता येऊ लागला. हे ब्रश वापरणे कोणत्याही नियमाविरुद्ध नव्हते. ज्यांच्याकडे ते होते त्यांना ते वापरून जिंकता येत होते आणि कोणी त्यांच्याकडे बोट दाखवू शकले नसते. तरीही आघाडीच्या बावीस संघांनी एका निवेदनावर सह्या करून आपण असे कापड वापरणार नाही, असे जाहीर केले. आणि आणखी संघ त्यात सामील होत गेले. हे सगळे गोडीगुलाबीने झाले नाही. कोणाचा ब्रश चांगला, कोणत्या कंपनीला फायदा, कोण ढोंग करतो, यावरून त्या हंगामात खूप कटुता पसरली. मे २०१६ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या केम्पटविल या गावी खेळाडू आणि संशोधक एकत्र आले, वेगवेगळ्या ब्रशांच्या चाचण्या झाल्या आणि त्यानंतर जागतिक संघटनेने मान्यताप्राप्त कापड ठरवून दिले. नियम आला तो अखेरीस. त्याआधी कित्येक महिने हा खेळ केवळ खेळाडूंच्या शब्दावर उभा होता.

त्या वेळी सह्या करणाऱ्यांपैकी कित्येक जण आजही बर्फावर आहेत. दगडाला दुसऱ्यांदा बोट लावण्याच्या प्रश्नावर संघटनेने कॅमेरे वाढवावेत की पंच, ही चर्चा होत राहील; त्याआधी या खेळाडूंनीच एका खोलीत बसावे, असे मला मनापासून वाटते. प्रतिस्पर्ध्याने शंका घेतली की दगड सोडणाऱ्याने पंचांना स्वतः बोलवावे, शंका विचारणाऱ्याने ती ओरडून न विचारता कर्णधारामार्फत मांडावी, आणि बोट लागल्याचे जाणवले तर दगड स्वतःच थांबवून बाजूला करावा, एवढे त्यांनी आपसांत ठरवले तर पुरे आहे. त्या बैठकीत केनेडी आणि एरिक्सन शेजारी बसलेले असावेत. दोघांनाही या खेळाने भरभरून दिले आहे, आणि पुढच्या हंगामात त्यांचा दगड पाहून शिकणारी मुले दोघांच्याही देशांत आहेत.